नातवंडांच्या मोबाइलमधला छळ : आजी-आजोबांनी काय ओळखावे, काय करावे

शाळा सुटून मूल घरी येते तेव्हा दार कोण उघडते? कोल्हापुरातील कितीतरी घरांत या प्रश्नाचे उत्तर 'आजी' किंवा 'आजोबा' असेच आहे. आई-वडील शिरोली वा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत, बँकेत, दुकानात किंवा शेतात असतात. संध्याकाळपर्यंत मुलाचा चेहरा, त्याची भूक, त्याचे गप्प बसणे हे पाहणारे घरात कोणी असेल, तर ते आपणच असता.

मुलांचा मोबाइलवरून होणारा छळ हा विषय निघाला, की अनेक ज्येष्ठ मंडळी 'आम्हाला त्यातले काही कळत नाही' असे म्हणून बाजूला होतात. वाचकहो, हा छळ ओळखायला मोबाइल कळण्यापेक्षा मूल कळणे अधिक गरजेचे आहे आणि ते आपल्याला पुष्कळ कळते. मोबाइलमधले काम घरातील दुसरे कोणीही करू शकेल. मुलाने ज्याच्यापाशी मन मोकळे करावे, असे माणूस मात्र घरात असावे लागते.

चेष्टा आणि छळ यांतील फरक

आपल्याकडची बोली रांगडी. मित्राला प्रेमाने शिवी हासडणे, टोपणनावाने हाक मारणे, तालमीच्या किंवा पेठेच्या फुटबॉल संघावरून एकमेकांना डिवचणे, ही इथली रीतच. त्यामुळे 'पोरं आहेत, चालायचंच' हे वाक्य आपल्या तोंडी सहज येते. मग चेष्टा कोणती आणि छळ कोणता, हे ठरवायचे कसे?

नॉर्वेमधील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेऊस यांनी शाळकरी मुलांतील छळाचा आयुष्यभर अभ्यास केला. १९८३ मध्ये त्या देशात छळाला कंटाळून मुलांनी आत्महत्या केल्याच्या घटनेनंतर तिथे देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि ओल्व्हेऊस यांचे काम जगभर पोहोचले. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या : दुखावण्याचा हेतू असणे, ते वारंवार घडणे आणि दोन्ही बाजूंचे बळ असमान असणे. चेष्टेत आज याची पाळी, तर उद्या त्याची. शेवटी दोघेही हसतात. छळात एकच मूल प्रत्येक वेळी खाली मान घालते आणि हसणारे बाकीचे असतात.

मोबाइलने या तिन्ही खुणांचे स्वरूप बदलले. पूर्वी वर्गात हिणवलेले मूल निदान घरी आल्यावर सुटत असे. आता छळ त्याच्याबरोबर उशाशी येऊन झोपतो. एकाने एकदाच टाकलेले चित्र पन्नास जण पुढे पाठवतात, म्हणजे एकदाच केलेली कृतीही वारंवार घडत राहते. शिवाय करणारा कोण, हे अनेकदा कळतच नाही. त्यामुळे वर्गातल्या प्रत्येक चेहऱ्याविषयी मुलाच्या मनात संशय येऊ लागतो.

या छळाचे प्रकार आपल्याला ठाऊक असावेत. मुलाच्या नावाने खोटे खाते उघडणे. त्याच्या छायाचित्राचे हास्यास्पद स्टिकर करून गटात फिरवणे. रंग, वजन, उंची, जात, गुण किंवा घरची गरिबी यांवरून शेरे मारणे. 'वर्गात सर्वांत कुरूप कोण' अशी मतदाने घेणे. खेळताना ध्वनिसंवादातून घाण शिव्या देणे. खासगी छायाचित्र उघड करण्याची धमकी देणे. आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने मुलीचा चेहरा दुसऱ्याच शरीरावर बसवणे.

वरवर किरकोळ दिसणारा आणखी एक प्रकार म्हणजे वर्गाच्या व्हॉट्सॲप गटातून एकाच मुलाला काढून टाकणे. हे मोठ्यांना क्षुल्लक वाटते. परंतु वाळीत टाकणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. त्याविरुद्ध आपल्या राज्याने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तो कायदा मुलांच्या गटासाठी नाही, पण वाळीत पडण्याचे दुःख त्याच जातीचे आहे. अमेरिकेतील नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरील चेंडूच्या खेळातून एखाद्याला वगळले, की शारीरिक वेदनेच्या त्रासाशी संबंध असलेला मेंदूचा एक भाग सक्रिय होतो, असे त्यांना आढळले. मोठ्या माणसांना एका क्षुल्लक खेळातून वगळल्यावर असे होत असेल, तर तेरा वर्षांच्या मुलाला वर्गाने वगळल्यावर काय होत असेल?

हा त्रास विरळाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२४ मध्ये ४४ देश व प्रदेशांतील ११, १३ आणि १५ वर्षे वयाच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात साधारण सहांपैकी एका मुलाने असा छळ सोसल्याचे सांगितले. साधारण आठांपैकी एकाने आपण स्वतः तो केल्याचे मान्य केले. या अभ्यासात भारत नव्हता. तरी मोबाइल तोच आणि वयही तेच.

शरीर आधी बोलते

दवाखान्यात 'माझा ऑनलाइन छळ होतोय' असे सांगत कोणतेही मूल येत नाही. ते पोट दुखते म्हणून येते. डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही, छातीत धडधडते, अशा तक्रारी असतात. तपासण्या केल्या तर सारे काही ठीक निघते. अशा वेळी 'नाटक करतोय' हा शेरा फार लवकर मारला जातो. ते नाटक नसते. मनावरचा ताण आतड्यांच्या हालचालीवर, स्नायूंवर आणि झोपेवर खरोखर परिणाम करतो आणि दुखणे खरेच असते.

अर्थात, प्रत्येक पोटदुखी मनाचीच, असेही धरू नये. वजन घटत असेल, ताप असेल, वारंवार उलट्या होत असतील, शौचातून रक्त जात असेल किंवा दुखण्याने मूल झोपेतून जागे होत असेल, तर शारीरिक आजार आधी तपासलाच पाहिजे.

त्याखेरीज पुढील बदलांकडे लक्ष द्यावे. मोबाइलचा आवाज आला की मूल दचकते किंवा पडदा चटकन उलटा करते. एरवी मोबाइल न सोडणारे मूल अचानक तो टाळू लागते, किंवा उलट मध्यरात्रीही तो पाहत बसते. भूक मंदावते. आवडता खेळ, शिकवणी, मित्राचा वाढदिवस नको वाटतो. 'मी जाड आहे', 'मी काळा आहे', 'मला कोणी नाही' अशी वाक्ये कानी पडतात. लहान भावंडावर विनाकारण राग निघतो. पैसे किंवा वस्तू गायब होतात, कारण धमकी देणाऱ्याला काही द्यावे लागते.

एक खूण विशेष ध्यानात ठेवावी. शाळेतच होणाऱ्या त्रासाचे दुखणे बहुधा सोमवारी सकाळी वाढते आणि दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत ओसरते. सुट्टी लागूनही मूल खुलत नसेल, तर त्रासाचे मूळ मोबाइलमध्ये असण्याची शंका घ्यावी. एखाद्या खुणेवरून निष्कर्ष काढू नये. पण दोन-तीन बदल एकत्र दिसले आणि ते पंधरवडाभर टिकले, तर बोलणे टाळू नये.

मूल सांगत का नाही?

याचे सर्वांत मोठे कारण आपणच आहोत. 'सांगितले तर मोबाइल काढून घेतील' ही भीती मुलांच्या मनात पक्की असते आणि ती खोटीही नसते. मुलाच्या दृष्टीने पाहा : त्रास त्याला झाला, आणि मित्र, अभ्यासाचे गट, गाणी हे सारेही त्याचेच गेले. म्हणजे शिक्षा छळ सोसणाऱ्यालाच झाली. दुसरी भीती ओरडा बसण्याची : 'तू फोटो टाकलासच कशाला?' तिसरी भीती अशी, की वडील रागाच्या भरात त्या मुलाच्या घरी जाऊन भांडतील आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तोंड दाखवणे अवघड होईल.

ही तीन दारे बंद असताना चौथे दार उघडे ठेवणे आपल्या हाती आहे. आजी-आजोबांकडे वेळ असतो, घाई नसते आणि शिस्त लावण्याचे मुख्य ओझे आपल्यावर नसते. समोर बसवून उलटतपासणी घेऊ नये. भाजी निवडताना, देवळात जाताना, रंकाळ्यावर फेरी मारताना, म्हणजे नजरेला नजर न भिडवता, मुले अधिक बोलतात. 'बाळा, हल्ली तुझं मन लागत नाही असं दिसतंय. मोबाइलवर कोणी त्रास देतंय का? तुझा मोबाइल मी काढून घेणार नाही. काय झालंय ते सांग बघू,' एवढे पुरते. मग आपण गप्प बसावे. मूल लगेच बोलले नाही, तर दोन दिवसांनी पुन्हा विचारावे. आणि 'मोबाइल घेणार नाही' हा शब्द दिला, की तो पाळावा. एकदा मोडला, तर मूल पुन्हा सांगणार नाही. मात्र 'कुणालाच सांगणार नाही' असे वचन देऊ नये. त्याऐवजी 'कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू' असे म्हणावे.

दोन गावांचा धडा

'मग मोबाइल बंदच केला तर?' हा प्रश्न साहजिक आहे. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक प्रयोग सुरू केला. रोज संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवले जातात. करोनाकाळातील ऑनलाइन शिक्षणानंतर मुले मोबाइलमधून बाहेर येईनात, म्हणून गावाने हा निर्णय घेतला आणि त्याची दखल देशभर घेतली गेली.

दुसरे गाव अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील सौंदाळा. तेथील ग्रामसभेने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आई-बहिणीवरून शिव्या देणाऱ्यास पाचशे रुपये दंड करण्याचा ठराव केला. मुलांनी संध्याकाळी ठरावीक वेळ मोबाइल वापरू नये, असेही त्याच ठरावात ठरले.

दोन्ही गावांकडून शिकण्यासारखी गोष्ट बंदीहून मोठी आहे. वडगावात भोंगा वाजला की केवळ मुलांचे मोबाइल बंद होत नाहीत; मोठ्यांचे मोबाइल आणि मालिकाही थांबतात. सौंदाळ्याचा नियम मुलांच्या शिव्यांपासून सुरू होत नाही. तो मोठ्यांच्या जिभेपासून सुरू होतो. मोबाइलवर मुले जी भाषा लिहितात, ती बहुधा घरात, गल्लीत, चौकात ऐकलेली असते. भोंग्याला मर्यादाही आहे. दीड तासाची शांतता संपली, की उरलेल्या वेळात छळ करणारा संदेश येऊ शकतोच. त्यामुळे घरातील मोबाइलविरहित वेळ अवश्य ठरवावी, पण त्या वेळेत मुलाशी बोलणे व्हावे. नुसती शांतता मुलाचे दुःख कमी करत नाही.

मुलाने सांगितले, आता काय करावे?

पहिले वाक्य 'यात तुझी चूक नाही' हे असावे. मुलाने स्वतःच फोटो पाठवला असला, तरी त्याचा गैरवापर करणारा दोषी आहे. सावधगिरीचा उपदेश पुढच्या आठवड्यात करता येतो.

दुसरी गोष्ट, उलट उत्तर देऊ नये. छळ करणाऱ्याला प्रतिक्रियाच हवी असते. मुलाच्या आई-वडिलांनाही हे सांगावे आणि समोरच्या घरी जाऊन भांडण्यापासून त्यांना रोखावे. गल्लीतले भांडण दोन दिवसांत मिटते. वर्गातले मात्र वर्षभर चालते.

तिसरी गोष्ट, पुरावा जपावा. रागाने सारे पुसून टाकण्याआधी त्या संदेशांची पडद्यावरील छायाचित्रे, म्हणजे स्क्रीनशॉट, घ्यावीत. त्यांत तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचे नाव वा क्रमांक दिसावा. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. मजकूर मुलाच्या नग्न किंवा लैंगिक चित्राचा असेल, तर त्याची प्रत काढू नये आणि नातेवाइकांनाही पाठवू नये. तसे करणे हाच गुन्हा ठरू शकतो. तो मोबाइल आहे तसा घेऊन थेट पोलिसांकडे जावे.

चौथी गोष्ट, पुरावा घेतल्यानंतर त्या व्यक्तीला ब्लॉक करावे आणि त्या ॲपमध्येच 'रिपोर्ट' करावे. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडले, की अनोळखी माणसे मुलाला परस्पर गटात घालू शकत नाहीत. हे दोन मिनिटांचे काम आहे. नातवंडाकडूनच शिकून घ्यावे, म्हणजे बोलणेही होईल. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम यांची स्वतःची वयोमर्यादा तेरा वर्षांची आहे, हेही लक्षात असू द्यावे.

पाचवी गोष्ट, शाळेला कळवावे. त्रास देणारा त्याच शाळेतील असेल, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. शाळांत तक्रारपेटी आणि 'सखी सावित्री' समिती असावी, असे शासनाचे निर्देश आहेत. आपल्या शाळेत त्या आहेत का, हे पालकसभेत विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

कायदा आणि मदत

ऑनलाइन छळासाठी भारतात एकच स्वतंत्र कायदा नाही, पण त्यातील बहुतेक कृत्ये गुन्हाच आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार दुसऱ्याची ओळख चोरणे, खासगी अवयवांचे चित्र संमतीविना टिपणे वा पसरवणे आणि मुलांचे अश्लील चित्रण प्रसारित करणे यांना शिक्षा आहे. १८ वर्षांखालील प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याचे संरक्षण आहे. धमकी देणे आणि मुलीचा ऑनलाइन पाठलाग करणे हे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हे आहेत. पॉक्सो प्रकरणात मुलाची ओळख उघड करता येत नाही. त्यामुळे 'पेपरात नाव येईल' या भीतीने गप्प राहू नये.

तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात, जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर करता येते. सायबर मदत क्रमांक १९३० आहे. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आणि तातडीचा क्रमांक ११२. मनाच्या त्रासासाठी शासनाची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य मिळते. मराठीतही बोलता येते. आपल्या सीपीआर रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. १८ वर्षांखालील मुलाचे नग्न चित्र पसरले असेल किंवा पसरण्याची भीती असेल, तर 'टेक इट डाउन' ही विनामूल्य सेवा ते अनेक मोठ्या समाजमाध्यमांवरून हटवण्यास मदत करते. त्यासाठी चित्र कोणालाही पाठवावे लागत नाही. हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून घरातील दूरध्वनीजवळ किंवा दिनदर्शिकेवर लावून ठेवावेत.

जिवाला धोका वाटला तर

'मी नसतो तर बरे झाले असते', 'आता सगळे संपवावे' असे मूल म्हणाले, लिहिले, आवडत्या वस्तू वाटू लागले किंवा स्वतःला जखमा करू लागले, तर ते कधीही हसण्यावारी नेऊ नये. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे शांतपणे आणि स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट मुलाचे ओझे हलके होते. अशा वेळी मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

आणखी एक गोष्ट थेट आपल्याशी निगडित आहे. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, झोप यांच्या आपल्या गोळ्या उशाशी किंवा फ्रिजवर उघड्या डब्यात असतात. त्या मुलाच्या हाती लागल्यास प्राणघातक ठरू शकतात. त्या कुलपात ठेवाव्यात आणि मोजून ठेवाव्यात. शेती असलेल्या घरांत उसावरील तणनाशके व कीटकनाशकेही कुलूपबंद असावीत. मुलाच्या मनात आलेला टोकाचा विचार पुष्कळदा थोड्या वेळाने ओसरतो. तेवढा वेळ हे कुलूप मिळवून देते.

आपलेच नातवंड छळ करत असेल तर?

हे ऐकणे कठीण जाते, पण तेही घडते. छळ सोसणारे मूलच दुसरीकडे छळ करते, असेही दिसते. 'आमचा असा नाहीच' म्हणून झाकू नये आणि मारझोडही करू नये. त्याने टाकलेला मजकूर आपल्यासमोर काढायला लावावा, ज्याला दुखावले त्याची माफी मागायला लावावी आणि हे का केले ते ऐकून घ्यावे. पुष्कळदा उत्तर असते, 'नाहीतर त्यांनी मलाच धरलं असतं.'

बहुतेक मुले मात्र छळ करणारीही नसतात आणि सोसणारीही नसतात. ती बघणारी असतात. फिनलंडमधील शाळांत राबवला जाणारा 'किवा' हा कार्यक्रम याच बघ्यांवर भर देतो. हसणारे थांबले, की छळ करणाऱ्याचा उत्साह ओसरतो. नातवंडाला एवढेच शिकवावे : असे चित्र आले तर पुढे पाठवू नकोस, त्यावर हसण्याचे चिन्ह टाकू नकोस, आणि ज्याचे ते आहे त्याला एकट्याला लिही, 'मी तुझ्या बाजूने आहे.'

आणि आपले स्वतःचे काय? नातवंडाचे अंघोळीचे छायाचित्र, कमी पडलेले गुण, रडतानाची चित्रफीत आपण हौसेने नातेवाइकांच्या गटात टाकतो. 'जाड्या', 'काळू' ही लाडाची नावे चारचौघांत घेतो. तेच नाव उद्या वर्गाच्या गटात शेरा म्हणून फिरते. मुलाला न विचारता त्याचे काहीही पुढे न पाठवण्याचा नियम आपण आजपासून पाळला, तर 'माझी संमती विचारली जाते' हे मूल घरातच शिकते. बाहेर कोणी ती डावलली, तर ते लवकर ओळखते आणि सांगायला आपल्याकडे येते.

आज संध्याकाळी नातवंड घरी आले, की दप्तर ठेवून त्याचे खाणे होऊ द्यावे. मग अभ्यासाचे, गुणांचे काही न विचारता त्याच्या शेजारी पंधरा मिनिटे बसावे. आपला मोबाइल तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवावा.